ओहोटीचं माप

पहिल्यांदा गेलो तेव्हा अकरा वाजले होते,
म्हणजे ऑफिस उघडून, चहा होऊन, जीप मिळून
जे काही वाजतात ते.
करंजबंदराचा धक्का पाण्यात पाय सोडून बसलेला,
होडी त्याला गाल लावून.
माणसं घरचा उंबरा ओलांडावा तशी चढत होती.
मी टेप धरली. दुसरं टोक शिपाई बाबरेकरांनी.
उतार : नऊ मीटर.
स्थिती : समाधानकारक.

सुक्या जवळ्याची पाटी उतरवत मोंगीबाय म्हणाली,
"भरतीला काय मापतंस, बाला?
भरतीला सगल्यांचाच धक्का चांगला.
सुकतीला ये."

कधी, म्हटलं.
तिने पाण्याकडे पाहिलं नाही, बोटांच्या पेरांकडे पाहिलं,
तिथीची पाऊणपट केली
आणि निम्मा हिशेब ओठांतच ठेवून बोलली,
"अवसेला. सकाली सहाला. बूट घालू नको."

मी बूट घालून गेलो.

नऊ मीटरच्या खाली आणखी चौदा होते.
ते कुठल्याच नकाशावर नव्हते.
हिरवं, बुळबुळीत, मध्येच खचलेलं काँक्रीट,
त्यातून वर आलेली गंजकी सळई,
कडेला कालवांची धार,
आणि शेवटी धक्काच संपून गुडघाभर गाळ,
गाळावर एक फळी,
फळीच्या टोकाला होडी, तीही खाली, खूप खाली.
दिवा एकच, तोही वरती,
जिथे त्याची गरज नाही तिथे उजेड पाडणारा.

तेवढ्यात पास्कल मास्तर आले.
आले म्हणजे आणले गेले, प्लास्टिकच्या खुर्चीतून,
पुढे जनू तांडेल, मागे त्याचा मेहुणा.
आठवड्यातून तीनदा पलीकडे,
मालाडला, रक्त धुवायला.
खुर्ची तिरकी झाली की दोघे एकदम "हां हां" म्हणायचे.
मास्तर माझ्याकडे बघून म्हणाले,
"गणपती समजून वाट द्या. फक्त
विसर्जन आज नको."
कुणी हसलं नाही. रोजचा विनोद असावा.

मी बाजूला सरलो
आणि पडलो.
टेप गाळात गेली, कोपर कालवांवर,
वहीची पानं ओली.
बाबरेकरांनी हात दिला तेव्हा त्यांचाही पाय सुटला,
मग आम्हा दोघांना मोंगीबायने धरलं,
एका हाताने. दुसऱ्या हातात पाटी होती.
"आता लिव," म्हणाली.

लिहिलं.
खाचा पाडलेला उतार, तेवीस मीटर.
दोन्ही बाजूंना कठडा, पाण्याखालीसुद्धा.
खाली एक सपाट ओटा, खुर्ची टेकायला.
दिवे तीन.
अंदाजपत्रक वर गेलं.
वरती बहुधा कायम भरती असते.
दहा महिन्यांनी मंजूर होऊन आला कठडा,
नऊ मीटर, पिवळा, आणि एक पाटी :
सावकाश चाला.

परवा पुन्हा गेलो, अमावास्येला, अनवाणी.
कठडा जिथे थांबतो तिथल्या शेवटच्या खांबाला
कुणीतरी डोलीचा जुना दोर बांधलाय,
तो खाली गाळातल्या खुंट्यापर्यंत जातो,
हातभर अंतरावर गाठी,
आणि एका जागी थोडा सैल सोडलाय,
बसलेल्या माणसाच्या हाताला लागेल इतका.
शेवाळ खरवडलेलं. कोण खरवडतं, विचारलं तर
जनू तांडेलने होडीतलं पाणी उपसत राहणं पसंत केलं.

मोजमापाची वही काढली.
दोर, जुना, एक नग.
लांबी : चौदा मीटर.
दराच्या रकान्यापाशी पेन थांबलं.
वरून मास्तरांचा आवाज आला,
"साहेब, लिहून झालं असेल तर
जरा दोर सोडा,
आम्हाला उतरायचंय."